स्थळ: अजिंठा

कालिंदी सेलूकर यांच्या केबिनच्या दारावर पितळी अक्षरांची पाटी होती. वरच्या ओळीत 'कालिंदी सेलूकर', खालच्या ओळीत 'प्रभारी प्रशासन अधिकारी'. एकूण शब्द पाच. त्यांतले चार बरोबर होते.

उरलेला एक अकरा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी बसवला होता. आधीचे प्रशासन अधिकारी निवृत्त झाले तेव्हा संस्थेचे सचिव, म्हणजे आताच्या शिवराजदादांचे वडील, गाडीत बसता बसता म्हणाले होते, "मॅडम, नवा माणूस येईस्तोवर तेवढं बघा." कालिंदीबाई बघू लागल्या. त्या बघत असताना वडील गेले, दादा सचिव झाले, तंत्रनिकेतनाच्या इमारतीवर दोन मजले चढले, समोरच्या बीड बायपासवर उड्डाणपूल झाले. नवा माणूस मात्र आला नाही.

प्रभारी असणं म्हणजे लग्नघरातली ती एक मावशी असणं. रुखवतापासून वरमायच्या रुसव्यापर्यंत सगळं तिनं निस्तरायचं, आणि फोटोच्या वेळी फोटोग्राफरनं म्हणायचं, "मावशी, जरा बाजूला होता का?" कालिंदीबाईंना बाजूला व्हायचा कंटाळा आला होता. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. निरोपाच्या भाषणात 'आपल्या प्रभारी मॅडम' असं ऐकत नारळ घ्यावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

इच्छा रीतसर होती, म्हणून तिची फाइलही होती. 'प्रभारी' हा शब्द वगळण्याबाबतची ती फाइल सात वेळा दादांच्या टेबलावर गेली आणि सातही वेळा 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. शेऱ्यांची भाषा कळते तोच कचेरीत टिकतो. 'पहावे' म्हणजे मी पाहणार नाही. 'नियमानुसार' म्हणजे नियम तुम्ही शोधा. आणि 'चर्चा करावी' म्हणजे याविषयी माझ्याशी बोलू नये. कालिंदीबाई सातही वेळा बोलल्या नाहीत.

घरी, सिडकोत एन-सातला, त्यांचे यजमान अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पेपर वाचत बसलेले असत. दार उघडताना ते रोज विचारत, "आल्या का प्रभारी?"

"तुम्हीसुद्धा?" एकदा कालिंदीबाई चिडल्या.

"मी काय वेगळा आहे?" अनंतराव म्हणाले. "एकोणतीस वर्षं प्रभारी नवराच आहे मी. कायमचा आदेश तू कुठं काढलायस?"

मार्चमध्ये शिवराजदादा कसल्याशा परिषदेसाठी पुण्याला गेले. पुण्याहून येताना लोक बाकरवडी आणतात, दादांनी कौशल्यं आणली. 'आधुनिक प्रशासकीय व्यावसायिकांसाठी बारा अत्यावश्यक कौशल्ये' असा आठ शनिवारांचा ऑनलाइन वर्ग होता आणि शिकवायला पुण्याचे विश्वजित सर होते.

"मॅडम," दादा म्हणाले, "हे प्रभारी-बिभारी आता मिटवूनच टाकू. कोर्स करा. शेवटी सर मुलाखत घेतील. ते पास म्हणाले की तुम्ही कायम."

"आणि नापास म्हणाले तर?"

दादांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग बाहेरच्या माणसासाठी जाहिरात द्यावी लागंल. मंडळाचा ठरावच आहे तसा."

ठराव कालिंदीबाईंना माहीत होता. त्यांनीच टाइप केला होता.

विश्वजित सर पस्तिशीचे होते, दर शनिवारी निळा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून बसत. त्यांच्या पाठीमागं पुस्तकांचं कपाट दिसे, आणि आठ शनिवारांत त्यातलं एकही पुस्तक जागचं हललं नाही. बारा कौशल्यांतली बरीचशी कालिंदीबाईंच्या ओळखीची निघाली, नावं तेवढी नवी होती. कानाला विद्यापीठाचा फोन लावून गोड बोलायचं, डोळ्यांनी समोरच्या पालकाला 'बसा' म्हणायचं आणि हातानं हजेरीपट ओढून घ्यायचा, याला 'मल्टिटास्किंग' म्हणतात हे त्यांना नोकरीच्या चोविसाव्या वर्षी कळलं. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून साहेबांचा पारा ओळखणं, हे 'इमोशनल इंटेलिजन्स' निघालं.

अडचण दोनच ठिकाणी आली. पहिली कर्त्याची.

"मॅडम, तुमच्या वाक्यांत माणूसच नसतो हो," सर म्हणाले. "'विलंब झाला आहे.' 'निदर्शनास आले आहे.' 'चूक झाली असल्यास क्षमस्व.' अहो, चूक केली कोणी? ओनरशिप घ्या. 'मी' म्हणा."

कालिंदीबाईंना हे जरा उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटलं. चोवीस वर्षं कर्त्याला वाक्याबाहेर उभं करून त्यांनी सगळ्या संस्थेची अब्रू राखली होती. कर्ता वाक्यात शिरला की त्याच्यामागं चौकशी समिती शिरते.

दुसरी अडचण 'कार्यसारथी' नावाच्या ॲपची. सरांनी ते सगळ्यांच्या मोबाईलवर बसवायला लावलं होतं. निमंत्रण, हजेरी, आदेशाचा मसुदा, सगळं त्यात आपोआप होई. शेवटच्या शनिवारी सर म्हणाले, "मुलाखतीचं निमंत्रण तुम्हीच मला कार्यसारथीवरून पाठवायचं. हीच तुमची प्रात्यक्षिक परीक्षा. तुमचं शहर मी काही पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी रात्री हॉटेलवर येतो, सोमवारी सकाळी अकराला मुलाखत. स्थळ तुम्ही कळवा."

आता या स्थळाबद्दल सांगायला हवं. इमारतीच्या नव्या मजल्यांचं उद्घाटन झालं तेव्हा दादांनी जिल्ह्याचा अभिमान म्हणून संस्थेच्या तीन दालनांना नावं दिली होती: वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद. वेरूळ मोठं आहे, पण त्यातले पंखे कुरकुरतात. दौलताबादेत मोडक्या खुर्च्या ठेवतात, आणि तिथं गेलेली खुर्ची परत आल्याचं कुणाला आठवत नाही. अजिंठ्यात एसी आहे. प्राचार्य कुठं आहेत असं विचारलं तर कुठलाही कर्मचारी सांगे, "अजिंठ्याला गेलेत, पाच मिनिटांत येतील," आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

कालिंदीबाईंनी चष्मा पुसला आणि कार्यसारथी उघडलं. 'स्थळ' या रकान्यात त्यांनी 'अजिंठा' लिहिलं. सारथ्यानं आपल्या हुशारीनं शेजारी एक लाल टाचणी चिकटवली आणि विचारलं, 'नकाशा जोडू?'

"जोड बाबा," कालिंदीबाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

दोन मिनिटांत सरांचं उत्तर आलं. 'अप्रतिम निवड! ऑफसाइट मुलाखत ही फारच मॉडर्न कल्पना. कित्येक वर्षं पाहायचं म्हणत होतो.'

त्यांनी ते अनंतरावांना वाचून दाखवलं. 'ऑफसाइट' म्हणजे ऑफिसच्याच साइटवर, असा अर्थ त्यांनी लावला होता.

"एवढं काय आहे तुमच्या अजिंठ्यात पाहण्यासारखं?" अनंतरावांनी विचारलं.

"नवा प्रोजेक्टर," कालिंदीबाई अभिमानानं म्हणाल्या.

सोमवारी सकाळी आवडाबाईंनी अजिंठा झाडून-पुसून लख्ख केला. आवडाबाई संस्थेतल्या सगळ्यांत जुन्या शिपाई. त्यांचं माहेर अजिंठा, म्हणजे खरं, लेण्यांजवळचं. साडेदहाला दादा आले, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, कारण त्यांना दुपारी फुलंब्रीला पुतणीच्या साखरपुड्याला जायचं होतं.

"मॅडम, बाराच्या आत उरकायचं बरं का," ते म्हणाले. "तिकडं मी मुलीकडचा आहे. उशीर करून चालत नाय."

पावणेअकराला कालिंदीबाईंचा फोन वाजला.

"गुड मॉर्निंग मॅडम! मी अजिंठ्याला पोचलो."

"या या सर! सरळ आत या."

"आत कसा येऊ? बंद आहे."

कालिंदीबाईंनी फोनवर हात ठेवला. "आवडाबाई, दार लावलं का हो?"

"सताड उघडं हाय म्याडम."

"सर, उघडंच आहे. जरा ढकला."

"ढकलू? मॅडम, भलंमोठं गेट आहे. वॉचमन म्हणतोय, सोमवारी बंदच असतं."

"कोण वॉचमन? त्याला म्हणावं, सेलूकर मॅडमनी सांगितलंय."

पलीकडं काही बोलणं झालं. मग सर म्हणाले, "तो विचारतोय, सेलूकर मॅडम पुरातत्त्व खात्यात आहेत का?"

"काहीतरीच! सर, तुम्ही जिन्यापाशी आहात ना? वॉटर कूलरच्या बाजूला?"

"मी बसथांब्यापाशी आहे. इथून पुढं जायला वेगळी बस असते म्हणे. तीही बंद आहे."

"बस? अहो, वीस पावलं आहेत!"

"मॅडम, हे लोक चार किलोमीटर म्हणतायत. आणि इथं माकडं आहेत."

माकडं म्हटल्यावर कालिंदीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तंत्रनिकेतनात साडेआठशे विद्यार्थी होते, पण माकड म्हणून नोंद असलेलं एकही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं ती लाल टाचणी आली. मग शंभर किलोमीटरचा रस्ता आला, मग घाट आला, आणि शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरातला सोमवार आला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची मंगळवारी. या शहरातल्या पोरांना हे दोनच्या पाढ्याआधी येतं. पण पुण्याच्या माणसाला ते कुणीतरी कळवायला हवं असतं, आणि संस्थेत कळवण्याचं काम प्रशासन अधिकाऱ्याचं असतं, प्रभारी असला तरी.

"सर, पाच मिनिटांत फोन करते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय झालं वो म्याडम? तोंड काऊन उतरलं?"

"सर अजिंठ्याला गेलेत."

"व्हय, मंग येतीलच की."

"तुमच्या अजिंठ्याला गेलेत, आवडाबाई."

आवडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आगं माय! आन् आज सोमवार!" मग त्यांनी आतल्या दालनाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोबाईलनं घोटाळा केला म्हणा. मोबाईल काय उलटून बोलतोय व्हय?"

सल्ला वाईट नव्हता. टाचणी खरंच मोबाईलनं लावली होती. वाक्यही कालिंदीबाईंच्या डोक्यात तयार होतं: 'तांत्रिक कारणास्तव स्थळाबाबत संभ्रम निर्माण झाल्याचे निदर्शनास आले आहे.' चोवीस वर्षांचा हात होता तो. असल्या वाक्यात बोट घालायला कुठंही फट नसते. दादांनी मान हलवली असती, मुलाखत पुढं ढकलली असती. मग परीक्षा आल्या असत्या, मग प्रवेश, मग गणपती, मग दिवाळी. आपली फाइल अकरा वर्षं अशाच वाक्यांवर बसून फिरतेय, हे कालिंदीबाईंना अजिंठ्याच्या दारात उभं असताना पहिल्यांदा कळलं.

त्या आत गेल्या.

"आले का सर?" दादांनी घड्याळ बघत विचारलं.

"दादा, सर लेण्यांच्या गेटवर उभे आहेत. निमंत्रणात मी नुसतं 'अजिंठा' लिहिलं, दालन लिहिलंच नाही. चूक मी केली."

दादा खुर्चीत ताठ झाले. सचिव झाल्यापासून या इमारतीत 'चूक' हा शब्द त्यांनी पुष्कळदा ऐकला होता. त्याच्या शेजारी 'मी' कधी ऐकला नव्हता. त्यांचा हात सवयीनं पेनाकडं गेला. 'चर्चा करावी' हे तोंडी म्हणता येत नाही, ही त्या शेऱ्याची मोठी उणीव आहे.

"मंग आता?" शेवटी ते म्हणाले. "पुढची तारीख?"

"नको. सर दीडच्या आत इथं पोचत नाहीत आणि तुम्हाला बाराला उठायचंय. मला वीस मिनिटं द्या. मुलाखत आजच होईल."

"कुठं?"

"अजिंठ्यात," कालिंदीबाई म्हणाल्या. "दोन्ही."

आवडाबाईंचा थोरला भाऊ बन्सी याच संस्थेत तीस वर्षं शिपाई होता. निवृत्त होऊन तो गावी गेला आणि त्यानं फर्दापूरला, लेण्यांच्या फाट्यावर, गेटच्या समोर, चहाचं हॉटेल टाकलं. कालिंदीबाईंच्या डायरीत त्याचा नंबर होता. त्या डायरीत गेल्या चोवीस वर्षांत संस्थेतून गेलेल्या प्रत्येकाचा नंबर होता, कारण गेलेला माणूस कधी लागेल सांगता येत नाही.

"बन्सी, सेलूकर मॅडम बोलतेय."

"म्याडम! हुकूम करा."

"गेटपाशी निळ्या शर्टातले, गळ्यात पट्टा घातलेले एक साहेब दिसतात का?"

"दिसू राहिले ना. माकडाशी बोलू राहिले. त्यांची फाइल माकडाच्या हातात हाय."

"आधी फाइल सोडवा. मग साहेबांना सावलीत बसवा, चहा द्या, काहीतरी गरम खायला करा. ड्रायव्हरलाही. मोबाईलला रेंज कुठं येते?"

"लिंबाखाली. बाकडंच तिकडं सरकवतो."

"आणि त्यांचा मोबाईल चार्ज आहे का बघा. नसला तर..."

"शेजारी टोप्यांच्या दुकानात बोर्ड हाय. फिकीर नका करू म्याडम. तुमचा पाव्हना तो आमचा पाव्हना."

अकरा वाजून सतरा मिनिटांनी अजिंठ्यातल्या नव्या प्रोजेक्टरवर विश्वजित सरांचा चेहरा उमटला. पाठीमागं आज पुस्तकांच्या जागी लिंबाचं झाड होतं आणि केस विस्कटलेले होते. त्यांच्या हातात बारा कौशल्यांचा गुणतक्ता होता, तो माकडानं सातव्या कौशल्यापर्यंत खाल्ला होता. मांडीवर भज्यांची प्लेट होती. तिला हात लागलेला दिसत होता, म्हणजे माणूस पूर्ण रागावलेला नव्हता.

"मॅडम," सर घसा साफ करून म्हणाले, "पहिला प्रश्न. अचानक एखादी अडचण उभी राहिली तर तुम्ही ती कशी हाताळता? एखादं अलीकडचं उदाहरण..."

पुढं त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते थांबले. दारातून चहाचा ट्रे धरलेल्या आवडाबाई म्हणाल्या, "अजून किती अलीकडचं पायजे साहेब? तुम्ही त्याच्यातच बसलाय की!"

दादांना ठसका लागला. कालिंदीबाई हसल्या नाहीत.

"उदाहरण हेच, सर. निमंत्रण मी अर्धवट लिहिलं. तुम्हाला शंभर किलोमीटरचा हेलपाटा पडला. मी माफी मागते."

"मी?" सरांनी विचारलं.

"मी," कालिंदीबाई म्हणाल्या.

सरांनी उरलेल्या तक्त्यावर कुठंतरी खूण केली. "बरं. दुसरा प्रश्न. सहकाऱ्यांशी दीर्घकाळ संबंध कसे टिकवता?"

कालिंदीबाई तोंड उघडणार तोच पडद्यावर सरांच्या खांद्यामागून बन्सीचं डोकं वर आलं. त्याच्या हातात झारा होता.

"ह्याचं मी सांगतो साहेब," बन्सी म्हणाला. "हापिसात एक यादी निघली. वर बहिणीचं नाव आवडाबाई, त्याच्याखाली माझं. टायपिंगवाल्यानं त्याच झोकात माझं बन्सीबाई केलं. वर सही झाली, शिक्का झाला. तीन वर्षं मी कागदावर बाई होतो साहेब! हळदीकुंकवाचं बोलावणं आलं मला. कुनी म्हनायचं फोटो आणा, कुनी म्हनायचं दाखला आणा. मंग म्याडमनी एक शुद्धिपत्रक काढलं, 'बन्सीबाई ऐवजी बन्सी असे वाचावे.' एका कागदात मला पुन्ना बाप्या केलं."

दादांनी खुर्ची जरा कालिंदीबाईंच्या बाजूला ओढली.

"त्या यादीवर सही कुणाची होती हो?" दादांनी हळूच विचारलं.

"निदर्शनास आलेलं नाही, दादा," कालिंदीबाई तितक्याच हळू म्हणाल्या. सही दादांची होती.

बाराला दहा कमी असताना सरांनी तक्त्याची घडी केली. "मॅडम, खरं सांगतो. लेखी संवादात मी तुम्हाला नापास करतोय. करावंच लागेल, मी फर्दापूरला बसलोय. पण बाकीचं जे मी आठ शनिवार शिकवत होतो, ते गेला तासभर माझ्यावरच चाललंय. पास आहात तुम्ही. शिवराजसर, तसा अहवाल पाठवतो."

आवडाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कालिंदीबाईंच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"सर, एक मिनिट," चष्मा सावरत कालिंदीबाई म्हणाल्या. "लेणी सोमवारी बंद असतात, डोंगर बंद नसतो. बन्सी तुम्हाला वरच्या व्ह्यू पॉइंटला घेऊन जातील. सगळी लेणी एका नजरेत दिसतात तिथून, घोड्याच्या नालासारखी. आणि उद्या वेरूळला जायचं मनात असेल..."

"आहे ना! गाडी सांगून ठेवलीय."

"उद्या मंगळवार आहे, सर. वेरूळ बंद. परवा जा."

सरांनी वही काढून हे लिहून घेतलं. आठ शनिवारांत त्यांनी लिहून घेतलेली ती पहिलीच गोष्ट होती.

दादा उठले. "मॅडम, आदेश आजच काढतो. द्या मसुदा, सही करतो."

इथं कालिंदीबाईंचं एक तत्त्व आडवं आलं. संस्थेचा प्रत्येक आदेश त्या लिहीत, पण स्वतःचा आदेश स्वतः लिहिणं त्यांना बरं दिसेना. "माझाच आदेश मी कसा लिहू, दादा?"

"हे बी खरंय," दादा म्हणाले. "ते कार्यसारथी कशाला आहे मग? गाडीत करतो."

त्यांनी फुलंब्रीला जाता जाता गाडीत तो केला, आणि मंगळवारी सकाळी सही-शिक्क्यासह आदेश कालिंदीबाईंच्या टेबलावर आला. तोवर आवडाबाईंनी तिन्ही मजल्यांवर पेढे वाटले होते. कालिंदीबाईंनी आदेश एकदा वाचला. मग दार लावून पुन्हा वाचला.

'श्रीमती कालिंदी सेलूकर यांना प्रभारी प्रशासन अधिकारी या पदावर कायम करण्यात येत आहे.'

सारथ्यानं जुन्या कागदांवरून त्यांचं पद उचललं होतं आणि दादांनी शेवटची ओळ वाचून सही केली होती.

संध्याकाळी अनंतरावांनी तो आदेश हातात घेतला आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे आतापर्यंत तात्पुरत्या प्रभारी होतीस, आता कायमच्या प्रभारी! अगं, पाटबंधारे खात्यातसुद्धा असं..." बायकोच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं तसे ते थांबले. कागदाची नीट घडी घातली, उठून पाण्याचा पेला आणून दिला. "उद्या जा आणि भांड सरळ," ते म्हणाले. "मी येऊ का बरोबर?"

"भांडण कशाला?" कालिंदीबाई पाणी पिऊन म्हणाल्या. "शुद्धिपत्रक काढते."

आदेश स्वतःचा स्वतः लिहू नये हे खरं, पण चूक दुरुस्त करणं हे टेबलाचं काम आहे, त्यात आपपर पाहायचं नसतं. बुधवारी त्यांनी कागद टाइप केला आणि स्वतः घेऊन गेल्या. दादांनी तो वाचला.

'सोमवारच्या आदेशात मी प्रभारी हा शब्द चुकून ठेवला आहे. तो वगळून वाचावा. सचिव.'

दादांचं पेन हवेत राहिलं. ते समासाकडं सरकू लागलं. समासात काय लिहिलं जातं हे कालिंदीबाईंना माहीत होतं.

"मॅडम, शब्द काढायचं बरोबरच आहे. माझ्या ध्यानातच नाही आलं," दादा म्हणाले. "पण हा 'मी' कशाला घातलाय?"

"ओनरशिप आहे, दादा. बारा कौशल्यांतलं चौथं."

"ते तुमच्यासाठी हो! कोर्स तुम्ही केलाय. सचिवाचं असं 'मी चुकून' बाहेर फिरलं तर मंडळ काय म्हणंल? ह्याच्यावर जरा चर्चा..."

"तसं जुन्या पद्धतीचंही करून ठेवलंय," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वरचा कागद उचलला. खाली दुसरा होता.

'टंकलेखनातील दोषामुळे उपरोक्त आदेशात प्रभारी हा शब्द समाविष्ट झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर शब्द वगळून वाचण्यात यावा.'

दादांचा चेहरा उजळला. त्या वाक्यात कुणीच नव्हतं. त्यांनी एका झटक्यात सही केली, खाली तारीख टाकली आणि शिक्काही स्वतःच मारला. "हे कसं छान झालं बघा!" ते म्हणाले.

दुपारी आवडाबाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन केबिनच्या दारापाशी स्टुलावर चढल्या. एक एक पितळी अक्षर निघालं. 'प्र' निघताना जरा कुरकुरलं. अकरा वर्षांत पाटीचं लाकूड काळवंडलं होतं, त्यामुळे अक्षरं निघाली तिथं फिकट लाकडात 'प्रभारी' तसंच दिसत राहिलं.

"हे काय जाईना म्याडम. घासू का?"

"राहू द्या. उन्हानं जाईल," कालिंदीबाई म्हणाल्या. त्यांनी ती अक्षरं एका पाकिटात घातली, पाकिटावर आवक क्रमांक टाकला आणि खाली शेरा लिहिला: 'जपून ठेवणे.'

आवडाबाईंनी पाकीट हातात घेऊन खुळखुळवलं. "दौलताबादेत टाकून देऊ?"

"नको हो, तिथनं काही परत येत नाही," कालिंदीबाईंनी टेबलाचा वरचा कप्पा उघडला. "इथं ठेवा. पुढच्या महिन्यात प्राचार्य निवृत्त होतायत."